संघ बांधताना सुटलेली भाची

तीर्थरूप ताईस,

लांबूनच वाकून नमस्कार. (जवळ येऊन केला असता तर तू पाय मागे घेतले असतेस. पत्रातून केलेल्या नमस्काराला नाही म्हणता येत नाही, एवढीच काय ती सोय.)

मी इकडे ठीक आहे. तू आणि भावोजी ठीक असाल असं धरून चालतो. भावोजींचा गुडघा काय म्हणतो? मागे तू फोनवर म्हणाली होतीस की जिना उतरताना तो कुरकुरतो. मागे म्हणजे तीन महिन्यांपूर्वी, जेव्हा तू माझा फोन उचलत होतीस. दुकान बरं चाललं असेल. औषधाच्या दुकानाला काय शुभेच्छा द्याव्यात हे मला कधीच कळलेलं नाही. खूप चालो म्हणावं तर गावाचं वाईट चिंतल्यासारखं होतं आणि कमी चालो म्हणावं तर बहिणीचं. म्हणून नुसतं बरं चालो असं म्हणतो.

आता तुझ्या लेकीबद्दल. तिची चौकशी करायला मी तोंड कुठे ठेवलंय, असं तू म्हणशील, आणि ते बरोबरच आहे. तिने रायफलची पेटी पलंगाखाली सरकवली आणि त्या दिवसापासून उघडलेली नाही, हे मला भावोजींकडून कळलं. (त्यांच्यावर रागावू नकोस. मी दुकानात फोन करून, आवाज बदलून, कोरड्या खोकल्यावर काय घ्यावं असं विचारलं होतं. त्यांनी औषधाचं नाव सांगितलं, किती चमचे तेही सांगितलं, आणि मग म्हणाले, "आणखी काही विचारायचंय का रे?" म्हणून मी विचारलं.) चार वर्षं दिवसाचे सहा तास जी पोरगी उभी राहून नेम धरत होती, तिची रायफल माझ्यामुळे पलंगाखाली गेली. येत्या वीस तारखेला पुढच्या निवड चाचणीसाठी नावं देण्याची मुदत संपते. नाव गेलं नाही तर वर्ष गेलं, आणि ह्या खेळात वर्षभर थांबलेला हात पुन्हा तसाच स्थिर झालेला मी तरी पाहिलेला नाही. म्हणून हे पत्र. काय काय झालं ते एकदा सगळं सांगून टाकतो. पुढे तू मला जे बोलायचं ते बोल, मी कान उघडे ठेवले आहेत.

तर आमचा खेळ तुला माहीत आहेच. (वीस वर्षं ऐकून तू अजून त्याला 'ते बंदुकीचं' म्हणतेस, पण असो.) दहा मीटरवर एक कागदाचा चौकोन, त्यावर काळं वर्तुळ, आणि वर्तुळाच्या मधोमध पूर्णविरामाएवढा ठिपका. साठ गोळ्या, पंच्याहत्तर मिनिटं, प्रत्येकीने आपापल्या जागेवर उभं राहून आपापल्या ठिपक्याकडे बघायचं. शेजारीण जगली की मेली, ह्याच्याशी संबंध नाही. मग ह्यात संघ कुठून आला, तर सगळ्यांचं आटोपल्यावर टेबलामागे बसलेला माणूस तीन जणींच्या गुणांची बेरीज करतो. तो बेरीज करतो त्या अर्ध्या मिनिटापुरता आमच्यात संघ असतो. आधी नसतो आणि नंतरही नसतो. इतकी वर्षं ह्यावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं.

पण आमच्या संघटनेच्या सचिवांना हे खटकायला लागलं. त्यांनी टीव्हीवर दुसऱ्या कुठल्यातरी खेळातली माणसं जिंकल्यावर एकमेकांच्या अंगावर उड्या मारताना पाहिली, आणि आपल्या राष्ट्रीय संघातल्या मुली जिंकल्यावर चष्मा पुसतात ह्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी मला तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. शिकवणारा गृहस्थ नौकानयनाचा प्रशिक्षक होता. दाराएवढे खांदे आणि घंटेसारखा आवाज. आठ माणसं, आठ वल्ही आणि एकच छाती, असं तो सांगत होता आणि सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी येत होतं. मी वहीत सगळं उतरवून घेतलं. आपल्या खेळाडूंना वल्ही नाहीत आणि पाणीही नाही, हा विचार माझ्या मनात एकदा डोकावला होता, पण माझ्या डोळ्यांतही पाणी आल्यामुळे तो नीट दिसला नाही. पी हळद आणि हो गोरी, अशा उत्साहात मी परत आलो.

माझ्याकडे चौघी होत्या. तिघी खेळणाऱ्या आणि एक राखीव. पहिली दातांची डॉक्टर, वयाने सगळ्यांत मोठी. तिच्यासमोर कुणी हसलं की ती हसण्यात सामील न होता दाढा बघते. दुसरी पोस्टातली. दिवसभर काउंटरमागे शिक्के मारते आणि खिडकीतून बोलायची सवय असल्यामुळे समोरच्या माणसाच्या हनुवटीशी बोलते. तिसरी आपली. आणि राखीव होती ती एका शाळेतली व्यायामशिक्षिका. बाई मनाने सोन्यासारखी, सगळ्यांशी गप्पा, सगळ्यांचे वाढदिवस पाठ, गळ्यात शिट्टी. नेम मात्र तिघींच्या मानाने बेताचा आणि हात घाईचा. हजेरी घ्यावी तशी गोळ्या सोडते.

पहिल्या दिवशी मी चौघींना गोल करून, खांद्यावर हात टाकून, डोकी जवळ आणायला सांगितलं. तुला आमची जाकिटं माहीत आहेत, जाड कॅनव्हास आणि चामडं, पाठ वाकू नये म्हणूनच बनवलेली. तीन कपाटं एकमेकांना कडकडून भेटायला जावीत तसं ते दृश्य दिसलं. डॉक्टरच्या कोपराने पोस्टातलीच्या चष्म्याची काडी मोडली. आपली बाजूलाच उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मला घाम येतो." मी ते वहीत टिपून ठेवलं. (वहीला मी 'सांघिक भावना' असं नाव दिलं होतं. आता ती वही टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली घातली आहे. टेबल हलायचं थांबलं. वहीचा झालेला तेवढाच उपयोग.)

मग घोषणा. स्पर्धेआधी सर्वांनी मिळून तीनदा ओरडायचं. ओरडून झाल्यावर डॉक्टरचे आणि पोस्टातलीचे ठोके मोजले तर एकशे वीसच्या घरात. डॉक्टर म्हणाली की खाली यायला अकरा मिनिटं लागतील. नेम जुळवायला आम्हाला पंधरा मिनिटं मिळतात. उरलेली चार पुरे झाली पाहिजेत, असं मी म्हणालो. आपली फक्त ओठ हलवत होती. तेही वहीत टिपलं.

मग एका टेबलावर जेवण, फोन बंद, एकमेकींशी बोलणं सक्तीचं. डॉक्टरने पहिल्याच आठवड्यात हिरड्यांच्या विकारांवर चार व्याख्यानं दिली, आणि तीही घास तोंडात असताना. पोस्टातलीची अन्नावरची वासना उडाली. तिचं वजन दोन किलोंनी उतरलं आणि अंगाबरोबर बेतलेलं जाकीट सैल झालं. सैल जाकीट म्हणजे आमच्यात पायाखालची जमीन हलल्यासारखंच. तरी मी म्हटलं, त्याग केल्याशिवाय संघ होत नाही. आपली जेवायला पुस्तक घेऊन यायची आणि पानं उलटत मुकाट्याने जेवायची. शेवटी मी सरावाच्या खोलीत फळा आणून लावला. दर दहा गोळ्यांनी तिघींची मिळून बेरीज मोठ्या अक्षरांत लिहायची, म्हणजे प्रत्येकीला दुसरीची काळजी वाटेल. वाटली. पोस्टातलीचा एक नेम घसरला की डॉक्टर तो भरून काढायला बघायची आणि तिचाही घसरायचा. काळजी अशी एकीकडून दुसरीकडे फिरत राहिली आणि गुण उतरत राहिले. आपली मात्र फळ्याकडे पाठ करून पाणी प्यायची. तिचे गुण तेवढे जागच्या जागी होते.

इथवर वाचून कुठल्याही शहाण्या माणसाला कळलं असतं की फळा काढावा. मी भाची काढली.

तिला एकलकोंडी म्हटलं, गर्विष्ठ म्हटलं, एका सडक्या आंब्याने अढी नासते असंही सचिवांसमोर म्हणालो. ताई, आता खरं लिहितो. वहीतल्या नोंदी हे निमित्त होतं. जिन्याखाली चहा पिताना मी दोन पालकांना बोलताना ऐकलं होतं, की मामा प्रशिक्षक असल्यावर जागा पक्कीच की. सचिवही एकदा हसत हसत म्हणाले, तुमच्या घरचं माणूस आहे, तेव्हा तुम्हीच काय ते ठरवा. त्या दिवसापासून मला रात्रंदिवस एकच भीती, की लोक म्हणतील भाचीला पोसतोय. लोकांनी नि:पक्षपाती म्हणावं म्हणून मी पक्षपात केला, फक्त उलट्या बाजूने. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर मी तिला हात लावला नसता, कारण तिची सरासरी चौघींत वरची होती आणि हे मला झोपेतही पाठ होतं. आपल्या माणसावर अन्याय केला की तो न्यायासारखा दिसतो, आणि आपलं माणूस ओरडतही नाही, हे मी गृहीत धरलं. स्पर्धेच्या अठरा दिवस आधी मी तिला राखीव केलं आणि व्यायामशिक्षिकेला संघात घेतलं. ती काहीच बोलली नाही. जाकिटाच्या पट्ट्या सोडल्या, घडी घातली आणि गेली.

स्पर्धेत आम्हाला तिन्ही जागा शेजारी शेजारी मिळाल्या. मधे व्यायामशिक्षिका, डावीकडे डॉक्टर, उजवीकडे पोस्टातली. घोषणा झाली. (शेजारच्या संघाच्या प्रशिक्षकाने तक्रार केली, ती पंचांनी नोंदवून घेतली.) सुरुवात झाली आणि व्यायामशिक्षिका सुटली. तिचं तिच्या परीने ठीक चाललं होतं, हजेरीपटावर एकेक नाव घ्यावं तसं. पण दहा गोळ्या होईपर्यंत डॉक्टरचीही लय चढली. एरवी ही बाई दाढ काढताना करते तसा विचार करकरून गोळी सोडते, ती पाठीमागे कुणी लागल्यासारखी मारायला लागली. वीस गोळ्यांनंतर पोस्टातलीही शिक्के मारू लागली. मी दोरीच्या मागे खुर्चीत बसून हातांनी हळू, हळू, असं करत होतो, पण त्यांची माझ्याकडे पाठ होती, आणि प्रेक्षकांतल्या एका बाईंना वाटलं मी त्यांना खाली बसायला सांगतोय, त्या बिचाऱ्या बसल्या. चाळीस मिनिटांत आमचं आटोपलं. बाकीच्यांच्या अजून पंधरा-वीस गोळ्या उरल्या होत्या. चौदा संघांत आम्ही तेरावे आलो. (चौदाव्या संघाची एक रायफल विमान कंपनीने भलत्याच देशात पाठवली होती.)

तुझी लेक राखीव खेळाडूच्या खुर्चीत माझ्या शेजारीच बसली होती. पूर्ण वेळ ती मांडीवर हात ठेवून बसली आणि तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. संपल्यावर पोस्टातलीला आपली पेटीच उघडेना. आपली उठली, तिच्या हातातून रायफल घेतली, नळी रिकामी आहे ना ते बघितलं, पेटीत नीट ठेवून कड्या लावल्या. मग डॉक्टरचं जाकीट सोडवायला मदत केली. मग व्यायामशिक्षिका जिन्यात बसून रडत होती, तिच्याजवळ जाऊन बसली. माझ्याकडे आली नाही. संध्याकाळच्या गाडीने एकटीच घरी गेली, पुढचं तुला माहीत आहे.

परत आल्यावर मी कचेरीत बसून सरावाचे सगळे कागद काढले. आमचं यंत्र प्रत्येक गोळीचे गुण छापतं आणि वेळही छापतं, सेकंदासकट. गुण आम्ही सगळेच बघतो, वेळेकडे कुणी ढुंकून बघत नाही. पाच महिन्यांचे कागद जमिनीवर पसरून मी गुडघ्यांवर रांगत ते वाचले. (ह्या वयात रांगणं बरं नव्हे, भावोजींच्या गुडघ्याला ते कळेल.) ज्या दिवशी आपली मधे उभी होती त्या दिवशी तिची गोळी अठ्ठेचाळीस सेकंदांनी, पुन्हा अठ्ठेचाळीस, फार तर एकोणपन्नास. आणि तिच्यानंतर चार-पाच सेकंदांनी डॉक्टर, त्यानंतर पोस्टातली. दर खेपेला. मधे दोन दिवस ती तापाने आली नव्हती. त्या दोन दिवसांचे कागद बघ, मांजराने दोऱ्याचं रीळ सोडवल्यासारखे. मी दोघींना बोलावून विचारलं. डॉक्टर म्हणाली तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. पोस्टातली माझ्या हनुवटीकडे बघत म्हणाली, "सर, बाजूला आवाज झाला की मला श्वास सोडायची आठवण व्हायची. मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. संघ होता, ताई. पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर होता. जी कुणाशी बोलत नव्हती तिने तो धरून ठेवला होता, आणि मी वही घेऊन तो शोधत होतो. मला फार वाईट वाटतं. दोन महिने झाले, मी सरावाच्या खोलीत गेलो की पहिली नजर मधल्या जागेवर जाते. हरल्याचं दु:ख माणूस विसरतो, मी आयुष्यात पुष्कळदा हरलो आहे. पण चांगलं पोर होतं, आपलं होतं, आणि मी ते आपलं आहे म्हणूनच मोडलं, हे विसरता येत नाही.

बाकी विशेष काही नाही. भावोजींना नमस्कार. तुझ्या लेकीला काय लिहावं ते चार कागद फाडूनही सुचलं नाही, म्हणून तिची जागा मोकळीच सोडतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : भावोजींना सांग, खोकला बरा आहे. मुळात नव्हताच, पण त्यांनी सांगितलेलं औषध मी आणून घेतलं, मनाला लागलं म्हणून.

आणखी एक ता. क. : पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा बाहेर काढलं. वर मी लिहिलं आहे की तिला काढलं तेव्हा ती काहीच बोलली नाही. ते खोटं आहे. जाकिटाची घडी घालता घालता ती म्हणाली, "मामा, त्या दोघी माझ्या आवाजावर मारतात. मला काढायचं तर काढ, पण मधे घाईची बाई उभी करू नकोस." रागाने नाही, एखाद्याला रस्ता सांगावा तसं. आणि मी म्हणालो, "स्वतःला एवढं मोठं समजू नये." हे वाक्य मी बोललो आहे. कागदांचा शोध मी लावला असं जे वर भासवलं, तेही खोटं. हरल्यावरसुद्धा मी ते कागद काढले ते तिचं म्हणणं चूक होतं हे सिद्ध करायला. गुडघ्यांवर रांगत मी तिच्याविरुद्ध पुरावा शोधत होतो.

शेवटचा ता. क., आणि ह्याच्यासाठीच खरं तर पत्र लिहायला बसलो होतो : स्पर्धेनंतरच्या अहवालात मी तिच्या नावापुढे 'स्वेच्छेने माघार' असं लिहिलं होतं. कुणी प्रश्न विचारू नयेत म्हणून. त्या शेऱ्यामुळे तिने पुढच्या चाचणीला नाव दिलं असतं तरी परत आलं असतं. ती कदाचित हे जाणून आहे, कदाचित नाही. परवा मी सगळे कागद जोडून, खरं काय ते लिहून, अहवाल दुरुस्त करून दिला. शेरा काढला आहे. कोरा फॉर्म सोबत ठेवला आहे, वीस तारखेपर्यंत चालेल, आणि भरायचा की नाही हे तिचं तिने ठरवायचं, तू किंवा मी काही बोलायचं नाही. खोटा अहवाल देणाऱ्याला ठेवता येत नाही, असं सचिवांनी मला सांगितलं, आणि ह्या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे. तर मी मोकळा झालो आहे, आणि कामाबरोबर मिळालेली खोलीही महिनाअखेर मोकळी करायची आहे. थोडे दिवस तुमच्या पुढच्या खोलीत पथारी टाकली तर चालेल का? नको असेल तर उलट टपाली कळव. ते उत्तर मला मिळायचं नाही, कारण हे पत्र तुला बुधवारी पोचेल आणि गुरुवारी सतरा तारखेला मी तिथे येतो आहे. गाडी दुपारी चारला पोचते. तेव्हा तुम्ही दोघं दुकानात असता आणि घरी ती एकटीच असते, हे मला माहीत आहे. तुम्ही घरी आल्यावर, रात्री साडेआठला पोचणारीही एक गाडी आहे. तिचं तिकीट मिळत होतं, मी घेतलं नाही.